अंक पाचवा

पहिल्या अंकात बाबाचं नाक जरा मोठं आलं.
चश्मा कपाळावर चढवून त्याने पाहिलं,
म्हणाला, "हे माझ्या बापाचं नाक,"
आणि टाचेत खिळा ठोकत राहिला.
शावेशच्या त्या बोळात चाळीस वर्षं
लोकांची पावलं सांभाळली,
स्वतःच्या पावलांबद्दल
तोंडातून ब्र नाही.

दुसऱ्या अंकात डबा येतो.
मेणाच्या बाटल्यांमागे, मुरंब्याचा, पत्र्याचा.
आत अकरा फोटो.
नाही, अकरा अर्धे:
एक डोळा, निम्मी मिशी, टायची निम्मी गाठ.

तिसरा मी गावातल्या म्हाताऱ्यांकडून गोळा केला.
आफ्रिकेतल्या लढाईला नको म्हणणारी पोरं,
उपाशी घरांचे बाप,
रात्री डोंगरातून पलीकडे जायचे.
फोटो फाडायचा. अर्धा घरी, अर्धा खिशात.
फ्रान्सला पोचलं की खिशातला अर्धा
वाटाड्याच्या हातावर.
त्याने परत येऊन घरच्या अर्ध्याशी जुळवून दाखवायचा,
मगच पैसे.
वाटाड्या.
शब्द फुग्यात लिहिला,
बाबाच्या डोक्यावर टांगला,
शाई वाळेपर्यंत त्याच्याकडे पाहवेना.

मग हे अकरा तू जुळवले का नाहीस?

चौथा अंक दोनदा काढला.
एकात नदी. तो बुडालेल्यांचे खिसे चाचपतो,
फोटो घेतो, पैसे मागायला मात्र धजत नाही.
दुसऱ्यात सगळे पोचतात,
आणि हा दारापर्यंत जाऊन
चूल थंड बघून मागे फिरतो.
दोन्हीत नाक तेच.
दोन्ही छापले, पाठीला पाठ लावून.

क्लेर्मों-फेराँहून दोन्या एर्मेलिंदा आली,
टायरच्या कारखान्यातून निवृत्त झालेली.
पर्समधला नवऱ्याचा अर्धा चेहरा
माझ्या डब्यातल्या चौथ्याला लावला.
मिशी जुळली.
"पैसे पिठाच्या डब्यात ठेवले होते," म्हणाली,
"तुझा बाप आलाच नाही.
आम्हाला वाटलं, पकडला गेला."

एक.
दहा उरतात.
कागदावरचा बाबा हल्ली चौकटीच्या कडेवर
कोपर टेकून मला विचारतो, "आता यांचं काय?"
त्याला मी बोलू देते.
खरा बाबा तिकडे चामडं भिजवत असतो.

पाचव्या अंकाची पानं काल त्याच्यापुढे ठेवली.
आठ पानं डोंगर, आठ पानं गच्च काळोख,
काळी शाईची बाटली संपवलेली.
त्याने पान उलटलं. परत मागे आला.
अंगठ्याचा मेणट ठसा आकाशात उमटला.

"ओतीलिया," म्हणाला,
"अंधार नव्हता गं त्या रात्री.
चांदणं होतं.
दिवसासारखं.
तेच तर."

आणि पुढे काही नाही. हातोडी.

आता पहाटेचे चार.
ब्लेड घेऊन बसले आहे,
सुकलेली शाई खरवडते,
कागद न फाटेल इतपत,
थोडं थोडं.
एक खडक दिसायला लागलाय.
त्याच्याखाली कुणाचा तरी बूट.