मनगट

फॉर्म कन्नडमध्ये होता.
सातेरीनं तो माझ्याकडं सरकवला, मी कंपाउंडरकडं.
द्या की, मी भरतो. नाव?
मल्लेश. वय चार, वर दोन महिने. गाव नंदगड.
घरात भाषा कुठली?

इथं आम्ही दोघं एकदमच बोलायला लागलो.
घरात मराठी, अंगणवाडीत कन्नड,
मोबाईलवर हिंदी, शेजारच्या मिस्किताबाईंची कोकणी,
म्हणजे बघा, पोर गोंधळलंय, बाकी काही नाही,
सासूबाई तर पहिल्यापासून सांगतात.
कंपाउंडरनं रकान्यात एकच शब्द लिहिला.
कुठला, ते आम्हाला वाचता आलं नाही.

डॉक्टर हिरेमठ खुर्चीत बसल्याच नाहीत.
फरशीवर मांडी घातली, त्याच्यापासून हातभर लांब.
तो कुंद्याच्या डब्याचं झाकण फिरवत होता,
सकाळी बस थांबवून जे सीटखालून शोधलं, तेच.

मल्लेश.
पुन्हा, मल्लेश.

बारशाला आत्यानं कुर्र करून
हेच नाव त्याच्या कानात सांगितलेलं,
बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातलेले,
तेव्हा दचकला होता तो. मी पाहिलंय.

ऐकू येतं हो त्याला, सातेरी म्हणाला,
कुरकुऱ्याची पुडी मागच्या खोलीत फोडली तरी येतो.
बाईंनी तेही लिहिलं.

बोट दाखवून मागतो का काही?
नाही. माझं मनगट धरतो
आणि माझा हात नेऊन ठेवतो डब्यावर.
सांगताना मला बरं वाटत होतं,
एवढं तरी सांगण्यासारखं होतं माझ्याकडं.
बाईंचं पेन थांबलं. मग जरा जास्तच चाललं.

चार वर्षं मी त्याला माया समजत होते.

भाषांचा दोष नाही, बाई म्हणाल्या,
मराठीला धारवाडचा हेल,
आमच्या घरी पण तीन आहेत, मुली तिन्हींत भांडतात.
सातेरी हसला. त्याचं हसणं हल्ली मला सोसत नाही.
मग त्यांनी तो शब्द काढला.
ऑटिझम. असेल. अजून पक्कं म्हणत नाही मी.
कान तपासून घ्या, आठवड्यातून दोनदा थेरपी,
तीन महिन्यांनी परत या.
भिंतीवरच्या तक्त्यात मराठीतही होतं, स्वमग्नता.
कन्नडमध्ये काय म्हणतात, मी उगाच विचारलं.
स्वलीनते.
कुणा साधूच्या समाधीवर शोभतील असे शब्द,
आणि खाली माझं पोर, शेंबूड जिभेनं पुसणारं.

आईला काय सांगायचं? सातेरीनं जिन्यात विचारलं.
सांग, कान तपासायला सांगितलेत.
खोटं नाही ते.

स्टँडवर खानापूरची गाडी लागली होती.
दाराशेजारी पत्र्याची पाटी, गोल गोल अक्षरं.
असल्या पाट्यांवरून भांडून
माझे सासरे दोन रात्री कोठडीत होते.
मल्लेश बापाच्या कडेवरून वाकला
आणि ती अक्षरं बोटानं गिरवायला लागला,
सावकाश, झाकण फिरवतो तशी.
कंडक्टर शिट्टी मारून मारून दमला.

मग त्यानं माझं मनगट धरलं,
माझा हात नेऊन शेवटच्या अक्षरावर ठेवला
आणि थांबला.

पत्रा उन्हानं तापलेला.
काय पाहिजे रे, म्हटलं.
तो पाटीकडंच बघत होता.
मला ते अक्षर येत नाही.
हात तेवढा काढला नाही मी.