उजेडातला खेळ

फेब्रुवारीतच ठरवावा लागतो उन्हाळा.
बाहेर उणे एकतीस,
आत किनो हिल्लाच्या तिकीटखिडकीमागे
आम्ही सात जण, एक हीटर,
वेलदोड्याचे पाव आणि पिर्योचं रजिस्टर.
हिशेब वाचताना ती चष्मा काढून ठेवते.
आकडे तोंडपाठ आहेत:
खुर्च्या चौऱ्याऐंशी, सभासद एकशे बारा,
नगरपालिकेचं अनुदान गेल्या वर्षीइतकंच,
म्हणजे कमी.

ऑक्टोबर सोपा.
अंधाराला कंटाळलेली माणसं
अंधारात येऊन बसतात.
नोव्हेंबरात लांबलचक काहीतरी लावायचं, तीन तासांचं,
ज्यात कुणीतरी जमीन नांगरतं आणि बराच वेळ काही घडत नाही;
लोकांना चालतं, घरीही तेच चाललेलं असतं.
डिसेंबरात मूकपट. चर्चमधला ओस्मो पियानोवर,
हातमोज्यांची बोटं कापून.
मार्चमध्ये विनोदी, आणि आखूड,
कारण माणसं बर्फावरून थेट येतात
आणि दहाव्या मिनिटाला घोरू लागतात.

अडतं ते जूनशी.
जूनमध्ये सूर्य तळ्यावर टेकतो
आणि विचार बदलतो.
पिर्यो दर वर्षी त्या पानावर आडवी रेघ मारते: बंद.

यंदा वेइक्का म्हणाला,
तेवीस वर्षांचा, दक्षिणेकडून आलेला, मशीनवर नवा,
तळ्याकाठी पडदा लावू. मध्यरात्री.
कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट.
उर्पोनं विचारलं, दिसणार काय?
उर्पोनं एकेचाळीस वर्षं मशीन चालवलंय,
पडद्यावरचा डाग त्याला प्रेक्षकांच्या आधी दिसतो.
थोडंसं, वेइक्का म्हणाला.
मतं घेतली. चार विरुद्ध तीन.
चौथं माझं. का दिलं, अजून सांगता येत नाही.

तर जूनची एकवीस तारीख, बारा वाजून पाच मिनिटं.
दोन बर्चच्या मधे पडदा,
उर्पोनंच ताणलेला, एकही सुरकुती नको म्हणून
तीनदा सोडून पुन्हा बांधलेला.
घोंगड्या, थर्मास, एक कुत्रा, मोजता न येणारे डास.
मशीन सुरू झालं
आणि पांढऱ्यावर पांढरं.
खालच्या ओळी तर नाहीतच.
नुसता आवाज: दार लोटलं, चपला, भांडं घरंगळलं,
एक बाई परक्या भाषेत काहीतरी म्हणाली.

आणि मागून कुणीतरी हसलं. एकटंच.

होदान. आमची तिकिटं फाडणारी.
भाषा तिच्या घरची होती.
सोमाली चित्रपट निवडताना
तिला विचारायचं आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.
मासेवाली केर्तू मान वळवून म्हणाली, काय म्हणाली ती?
होदान म्हणाली, ‘जातोयस तर जा,
पण शेळी दारात बांधून जा, मला कुणीतरी बोलायला हवं.’

आधी दोन खुर्च्या फिरल्या.
मग एक अख्खी रांग.
अर्ध्या तासात पडद्याकडे
शंभर माणसांची पाठ होती
आणि होदान उभी, एक हात खिशात,
बाईचं बोलणं बाईसारखं, मुलाचं मुलासारखं,
मधेच थांबून, ‘इथे कुणी बोलत नाहीये, वारा आहे.’
आम्ही वारा ऐकला.
तिथला, की तळ्यावरचा, कोण जाणे.

उर्पो उठला. कुणाला न विचारता
त्यानं मशीनचा दिवा मालवला, आवाज तेवढा ठेवला.
बल्ब महाग असतो, म्हणाला,
आणि वेइक्काच्या शेजारी जाऊन बसला.

पिर्योनं रजिस्टरात लिहिलं: तिकिटं एकशे सात.
पुढच्या रकान्यात काहीतरी लिहून खोडलं.

नोव्हेंबरात तोच चित्रपट पुन्हा लावला,
आत, नीट, खालच्या ओळींसकट.
हॉल भरला होता.
सगळे शेवटपर्यंत बसले, आणि बाहेर पडताना
बर्फ झटकत केर्तू म्हणाली,
चांगला आहे,
पण ती बाई आपली नव्हती.