कोरा खिळा

एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून मी पोट भरलं.
वार्लाम, मुद्रितशोधक, खिडकीजवळचं टेबल,
शिशाच्या खिळ्यांपासून पडद्यावरच्या अक्षरांपर्यंत.
माझ्या हाताखालून या खोऱ्यातलं एकही माणूस
चुकीच्या नावानं मेलं नाही.
तेवढीच माझी मिरास.

त्या रात्री खाणीचा बांध फुटला.
वरच्या तळ्यातला राखाडी चिखल
नदीची वाट सोडून गल्लीत उतरला.
जागं कोण होतं? त्सिउरी,
पावाची भट्टी दोनला पेटवते ती.
पीठ लागल्या बोटांनी तिनं फोन वर धरला
आणि दिसलं ते जगात सोडून दिलं,
वाकडं, थरथरतं,
कडेला तिच्याच अंगठ्याचा पांढरा ढग.
तिचा श्वास ऐकू येतो त्यात. एक कुत्रा भुंकतो.
मग भुंकत नाही.

आमचा पेपर सहाला निघाला.
पहिल्या पानावर द्राक्षांचा भाव,
पाचव्यावर चार ओळी:
तांत्रिक बिघाड. परिस्थिती आटोक्यात.
कंपनीच्या कचेरीतून आल्या तशाच.
मी तपासल्या होत्या त्या.
‘परिस्थिती’ची शेवटची वेलांटी दीर्घ केली
आणि उठून खिडकी लावली,
बाहेर कुणीतरी ओरडत होतं म्हणून.

सकाळी लोकांनी आमचे गठ्ठे फोडले,
अंक चिखलावर अंथरले,
त्यावरून म्हाताऱ्यांना पलीकडे नेलं.
इतका उपयोगी अंक आम्ही कधी काढला नव्हता.

पण त्सिउरीनंही
नवव्या मिनिटाला, दम लागलेल्या आवाजात
सांगून टाकलं होतं: झालिको गेला.
पहारेकरी झालिको, चौकीसकट.
कुणीतरी म्हणालं होतं तसं.
अंधारात कुणीतरी नेहमीच म्हणत असतं.
बातमीला पाय फुटले, ती डोंगर ओलांडून गेली,
राजधानीच्या टीव्हीवर पोचेपर्यंत
तिच्या मागं ‘सूत्रांनुसार’ लागलं.
झालिकोच्या आईनं घरातले आरसे झाकले.
दहा वाजता तो दारात उभा, एकाच पायात बूट.
ती त्याच्याकडे बघेना.
फोनकडेच बघत राहिली,
जणू तिथून परवानगी यायची होती.

मी भट्टीवर गेलो. खिशात लाल पेन्सिल.
त्सिउरीनं मान वर केली नाही.
“बोला की. चुकलेच मी.
पण तुमच्या पेपरात तर वार्लामकाका,
तो कधी जिवंतही नव्हता.”

बावीस वर्षं पहारा. एक ओळ नाही.
पेन्सिल मी खिशातच ठेवली.

दुसऱ्या खिशात एक खिळा असतो माझ्या,
जुना छापखाना भंगारात गेला
त्या दिवशी उचललेला.
तो मी पिठाच्या फळीवर ठेवला.
तिनं उलटापालटा केला, उजेडाकडे धरला.
“यावर अक्षरच नाही.”
कोरा आहे तो, म्हटलं. दोन शब्दांच्या मध्ये बसतो.
छापला जात नाही, पण नसला
तर शब्द एकमेकांच्या अंगावर चढतात.
जे ठाऊक नाही, तिथं हा ठेवायचा.
(आम्हीच तो ठेवायचा सोडला,
तिथं कंपनीची वाक्यं बसवली,
हे मी तिला सांगितलं नाही.
तिला कळलं असावं.
तिनं पाव दिला, पैसे घेतले.)

रात्री ती फोनसमोर बसली. केस तसेच, मागं भट्टी.
“झालिको जिवंत आहे. मी चुकीचं बोलले.
गेलेले किती, मला माहीत नाही.
तीन घरी मी स्वतः जाऊन आले, ती तीन नावं सांगते.”
सांगितली.
मग अकरा सेकंद काहीच नाही,
नुसती धग.

फार कुणी पाहिलं नाही ते.
कुत्रा भुंकायचा थांबतो ते
अजून जगभर फिरतंय.

मी तीनदा पाहिलं.
दुसऱ्या नावाचा उच्चार चुकलाय.
उद्या पाव आणायला गेलो की सांगेन.