घोडीचं मनगट

तापीवरून येणारं वारं कान कापतं.
सारंगखेड्याच्या घोडेबाजारात
मुनाफभाई नालबंदाच्या मांडीवर
काठेवाडी घोडीचा पुढचा पाय.
दातांत चार खिळे, म्हणून तो नाकातून बोलतो:
"हिना गुडघा सुजेल शे."

गुडघा नाही भाई, मी म्हणाले, मनगट.

शहाद्याच्या कॉलेजात मी हेच शिकवते.
काचेच्या कपाटात पिवळी हाडं,
हाडांवर शाईचे आकडे,
मुलं आकडे पाठ करतात.
इथं हाड गरम आहे.
कोपर वर, पोटाशी लपलेलं.
मनगटाखाली ही एवढी लांब दांडी, हा तळहात,
तिला चिकटून दोन काड्या,
कातडीवरून चाचपल्या की लागतात,
कधीच्या काळच्या बोटांच्या.
आणि तुम्ही नाल ठोकताय
ते मधल्या बोटाचं नख.

"बाकीना बोटं?"

पळता पळता गळाली.
(वर्गात असं सांगत नाही मी.
तिथं कोटी कोटी वर्षं सांगते, कुणी दचकत नाही.)

गेल्या साली रावेरहून एका पोरानं
केळीबागेच्या जाळीत अडकलेलं वटवाघूळ आणलं होतं,
मेलेलं, पेपरात गुंडाळून.
पंख पसरला तर आत हातच निघाला.
बोटं ताणून ताणून छत्रीच्या काड्या झालेली,
अंगठा तेवढा मोकळा, आकड्यासारखा.
पंख मिटताना मी तो दाबून धरला,
कासार बांगडी भरताना दाबतो तसा.
नंतर कितीतरी वेळ
माझ्या हाताकडे बघवेना.

मुनाफभाई हसला नाही.
खिळे तोंडातून काढून त्यानं टोपीत ठेवले.
त्याचं मधलं बोट पहिल्या पेरालाच संपतं,
अकलूजच्या बाजारात एका घोड्यानं घेतलं,
वीस वर्षं झाली.
ते थोटूक त्यानं खुरावर टेकवलं,
मापाला लावल्यासारखं.
"म्हंजे चाळीस साल मी हातच धरत वनू?"

देवळात घंटा झाली.
दुसरीकडे तीन तोंडांचा असलेला दत्त
इथं एकाच मुखानं उभा आहे.
राहिलेली दोन कुठं गेली, कुणी विचारत नाही.
नारळ फोडतात, पुढं सरकतात.

पलीकडे दोन दलाल
उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून
घोडीचा भाव करत होते.
त्यांना पाचही लागत होती,
पाचही पुरत नव्हती.
घोडी तीन बोटांवर उभी,
चौथं मुनाफभाईच्या मांडीवर.