मेरशीची मानस

डॉक्टरांनी सांगितलं, रोज सहा हजार पावलं.
म्हणून मी खाडीकाठच्या या वाटेवर, नव्या बुटांत.
डावीकडे कॉलनीच्या मागच्या भिंती,
वाळत घातलेले युनिफॉर्म, एसीचे थेंब.
उजवीकडे तिवरं,
चिखलातून वर काढलेली त्यांची बोटं
श्वास घेत.

मानशीपाशी इनासियु भेटतो.
लाकडी दाराला हात लावून सांगतो,
"भरती आली की हे आपणच मिटतं.
कुणी ढकलायचं नाही."
त्याचा बाप पावणीत ही मानस घ्यायचा,
रात्री कंदील लावून सुंगटं धरायचा.
बांधापलीकडे कोरगुट पिकायचं,
खाऱ्या मातीतलं तांबडं भात.
आता तिथे पार्किंग.

तारेवरून खंड्या
पाण्यात पडतो, निळा,
रिकाम्या चोचीने परत.

मी विचारतो, मग दार कशाला राखता?
चौकटीवरची कालवं तो कोयत्याने खरवडत राहतो.
"पाण्याला कुठं ठाऊक
शेत गेलं ते."

परतताना, चार हजारांच्या पुढे कुठेतरी
मोजणं चुकलं.
मागे लाकूड लाकडाला टेकल्याचा आवाज आला
की नाही, सांगता येत नाही;
पाण्याचा टँकर चालला होता.