सुट्टे

लिहिताना कीघली, म्हणताना कीथली.
या गावात अक्षरांवर विसंबू नये
हे पहिल्याच आठवड्यात कळलं,
आणि शब्दांवर तर नाहीच.

पावाच्या दुकानातली बाई म्हणाली, ‘पिशवी हवी का, लव्ह?’
मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
पोस्टमन म्हणाला, ‘इथे सही, लव्ह.’
दात उपटणारी म्हणाली, ‘थोडंसं दुखेल हं, लव्ह.’
थोडंसं नाही, चांगलंच दुखलं.

आमच्या शाळेत हा शब्द
बाकाखालून जायचा, चिठ्ठीत घडी होऊन,
सापडला तर आईवडलांना बोलावणं.
इथे तो बटाट्यांबरोबर तोलून देतात.

मी सगडन नवराबायकोकडे जाते,
सकाळची पंचवीस मिनिटं:
गोळ्या, मोजे, दाढी, वहीत नोंद.
क्लिफर्डने एकतीस वर्षं बस चालवली,
चढ चढून ओकवर्थ, उतरून परत.
तिकिटाबरोबर प्रत्येकाला एक सुट्टा लव्ह द्यायचा.
‘पायरी सांभाळ, लव्ह.’ ‘छत्री राहिली, लव्ह.’
शाळकरी पोरांना, पाद्र्याला,
एकदा धुक्यात दारातून आत डोकावलेल्या मेंढीलासुद्धा.

थेल्माला मात्र कधी नाही.
‘थेल्मा, किटली.’
‘थेल्मा, उठ, बर्फ बघ.’
ती सांगते, ‘एक्कावन्न वर्षं.
सुरुवातीला चिडायचे मी. गावभर वाटतोस, मग मला का नाही?
तर म्हणाला, तू काय पॅसेंजर आहेस?’

गेल्या नाताळापासून त्याच्या हातून नावं सांडताहेत.
आधी मांजराचं गेलं,
मग पंतप्रधानांचं, त्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही,
मग धाकट्या भावाचं.
मंगळवारी थेल्माने त्याच्या हातात चहाचा कप दिला.
त्याने वर पाहिलं, अगदी अदबीने,
आणि म्हणाला, ‘थँक्यू, लव्ह.’

माझ्या हातात त्याचा मोजा, अर्धा चढवलेला.
थेल्माने फडकं घेतलं,
कोरडाच ओटा पुसला, नळापासून खिडकीपर्यंत.
मग मला विचारलं,
‘तुमच्यात काय म्हणतात गं याला?’

आमच्यात लव म्हणजे हातावरचे कोवळे केस.
लवते ती पापणी,
आणि फळांनी जड झालेली फांदी.
तुझ्या शब्दाला आमच्याकडे शब्द आहे, थेल्मा,
पण तो लग्नातल्या चांदीच्या ताटासारखा
कपाटात, जुन्या साडीत गुंडाळून.
पाहुणे आले तरी काढत नाहीत.

हे सगळं इंग्रजीत कुठून आणणार?
म्हटलं, ‘आहे एक. वापरत नाही.’
‘म्हणजे ह्याच्यासारखंच,’ ती म्हणाली.

काल मी पोचले तर दार नुसतं लोटलेलं.
क्लिफर्ड खिडकीजवळच्या खुर्चीत, पाठ ताठ,
दोन्ही हात हवेत, एका मोठ्या गोल चाकावर.
शेजारी थेल्मा उभी. अंगात बाहेरचा कोट,
दंडावर पर्स, ओठांना थोडा रंग.

‘कुठे जायचं, लव्ह?’
‘ओकवर्थ,’ ती म्हणाली. ‘जाऊन-येऊन.’

त्याने नसलेल्या यंत्रातून नसलेलं तिकीट फाडलं.
तिने पर्स उघडून खरी नोट दिली.
ती त्याने उजेडात धरून पाहिली, खिशात घातली,
आणि मोजू लागला,
ओठ हलवत, एकेक, तिच्या तळहातावर,
काहीच नाही, आणखी काहीच नाही,
बोटाचं टोक दर वेळी टेकवून.

हात तिने मागे घेतला नाही.
माझी पंचवीस मिनिटं कधीच संपून गेली होती,
आणि दाढी राहिलीच.