मंगळवारचा दवाखाना

अथेन्सला सहा वर्षं मी ही नावं घोकली,
परीक्षेच्या आदल्या रात्री तर कॉफीत साखर टाकायची विसरून.
तेव्हा ती नुसती नावं होती,
बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या.

मग सरकारने धाडलं इथे, कालिम्नोसला,
एक वर्षाच्या सक्तीच्या नोकरीवर.
बंदरामागे दोन खोल्या, एक तक्ता, एक दिवा,
आणि मंगळवारी बाकावर ओळीने बसलेले
समुद्रातून स्पंज काढणाऱ्यांचे म्हातारे कान.

सेवास्ती थेमेली, वय एक्याऐंशी.
तक्त्यावरची पहिलीच ओळ चुकली आणि माझ्यावरच चिडली:
"अक्षरं कसली वाचायला लावतेस?
मी शाळेत गेले होते कधी?"
पिशवीतून मूठभर मसूर काढून टेबलावर पसरले.
"हे बघ. पूर्वी एक खडा सुटत नसे.
रविवारी धाकट्याचा दात तुटला."

मी झोत टाकला तिच्या डोळ्यात.
म्हटलं, आजी, आतलं भिंग गढूळ झालंय.
आमच्या भाषेत भिंगाचं नाव मसुरावरूनच पडलंय,
हे मला पाठ होतं, ठाऊक नव्हतं.
तिने एक दाणा चिमटीत धरला,
खिडकीकडे नेला, उलटा केला.
"एवढंच असतं आत?
मग भिजत घाल की."

मी हसले, आणि मग पुढचा शब्द आला.
मोतीबिंदूला आम्ही धबधबा म्हणतो.
या बेटावर नदी नाही,
छपरावरचं पाणी टाकीत धरतात, झाकण लावून.
"धबधबा मी पाहिलाच नाही कधी," ती म्हणाली.
"असा असतो होय? पांढरा?"
पांढरा, मी म्हटलं.

मागचा पडदा चांगला होता. त्याचं नाव जाळं,
फेकून मारायचं, मासळीचं.
"ते चांगलंच असणार," ती म्हणाली,
"घरातली जाळी मीच विणायचे."

थेंब घालताना सांगितलं, थोडं धूसर दिसेल,
कोरी मोठी होईल.
कोरी म्हणजे डोळ्यातली काळी बाहुली.
कोरी म्हणजे मुलगीसुद्धा.
ती मान मागे टाकून, डोळे मिटून बसली.
"माझीपण झाली मोठी. तिकडे, डार्विनला.
मला न दिसता."

मिकेस कुलियास बोलत नाही, ओरडतो.
डाव्या ढोलाला दोन भोकं.
हातोडी, ऐरण, रिकीब जागच्या जागी;
गोगलगाय थकली आहे, मी मोठ्याने सांगितलं.
"गोगलगाय? ती तर आम्ही कांद्यात शिजवतो!"
सगळं बाक हसलं.
उजव्या कानात आवाज येतो, तो म्हणाला. रात्रंदिवस.
मी कार्डावर कर्णनाद लिहिलं.
आमच्या शब्दाचा अर्थ तसा आतली आरोळी.
त्याने ते वाचलं आणि हळू आवाजात,
पहिल्यांदाच हळू, म्हणाला:
"आरोळी नाही, पोरी. कॉम्प्रेसर आहे.
होडीवरचा. भाऊ खाली होता,
नळी माझ्या हातात.
तो बंद पडला त्या दिवसापासून
हा चालू आहे."

कार्डावर रकाने आठ.
मी पेनचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

चार वाजता टेबल पुसताना
फडक्याखाली मसूर गोळा झाले, त्यांत एक खडा.
मला सापडला. माझे डोळे अजून ठीक आहेत.
कानाच्या अगदी आतही खडे असतात,
चुन्याचे, धुळीएवढे,
तोल सांभाळतात; जागचे हलले
तर माणूस गरगरतो.
हा मी एप्रनच्या खिशात टाकला,
कुलूप लावलं, आणि बंदराचा उतार
भिंतीला हात लावत उतरले.